डायल-अप मोडेम लिनक्सवर चालतो. कसा, ते सांगतो

भोगावतीकाठच्या एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेचे सचिव मागच्या महिन्यात कोल्हापुरात शाहूपुरीतल्या माझ्या दुकानी आले. हातातला मोबाइल पुढं करून म्हणाले, "हे वाचलंसा काय? म्हणून तर दोन मोडेम भंगारात घातलं."

डायल-अप मोडेम म्हणजे साध्या टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडणारं यंत्र, आणि लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. तो मजकूर मलाही तीन ग्रुपवरून आला होता. थोडक्यात असा: 'जुना डायल-अप मोडेम लिनक्सवर चालत नाही, कारण कंपन्यांनी ड्रायव्हर दिलेच नाहीत. विंडोजवर मात्र कुठलाही मोडेम लावला की चालतो. लिनक्सवर चाललाच तर वेग निम्मा पडतो. सगळं कमांड लिहून करावं लागतं, ते साध्या माणसाचं काम नव्हे. आणि आता त्याचा उपयोग तरी काय? भंगारात द्या.'

सचिवांनी किलोवर दिलेले दोन्ही मोडेम बाहेरच्या डबीचे होते, चांगले चालणारे. मला त्याचं फार वाईट वाटलं. म्हणून एकेक विधान घेऊन लिहितो.

'चालत नाही, ड्रायव्हर नाहीत' हे पहिलं. (ड्रायव्हर म्हणजे एखादं यंत्र कसं चालवायचं हे संगणकाला सांगणारा प्रोग्राम.) बाकीची विधानं याच्याच पोटातून निघतात, म्हणून इथं जरा थांबतो. मोडेम हा एकच शब्द आपण दोन निराळ्या वस्तूंना वापरतो. एक म्हणजे बाहेरची डबी. मागं सिरीयल केबल (माहिती ओळीनं एकेक करून नेणारी जुनी जोडणी), वेगळा अॅडॅप्टर, पुढं दिव्यांची ओळ. हिच्या आत स्वतःचा प्रोसेसर असतो. तारेवरचे सूर ओळखणं, चुका दुरुस्त करणं, नंबर फिरवणं ही सगळी कामं ती आतल्या आत करते. संगणकानं तिला फक्त अक्षरं पाठवायची. 'एटी' लिहून एन्टर दाबलं की ती 'ओके' असं उत्तर देते. 'एटीडीटी' आणि पुढं नंबर लिहिला की फोन लावते. हेज कंपनीनं १९८१ साली स्मार्टमोडेमबरोबर ही आज्ञांची भाषा आणली आणि पुढं जवळजवळ सगळ्या कंपन्यांनी तीच उचलली. या डबीला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. सिरीयल पोर्टावर अक्षरं पाठवता आणि वाचता आली की झालं.

आणि हे लिनक्सला येत नाही, असं म्हणायचं? लिनस तोरवाल्ड्स घरातल्या पीसीवरून मोडेमनं हेलसिंकी विद्यापीठाच्या संगणकाला जोडून घेण्यासाठी एक टर्मिनल प्रोग्राम लिहीत होता. तोच वाढत जाऊन १९९१ मध्ये लिनक्स झाला. एकदा तर त्याच्याकडून मोडेमऐवजी हार्ड डिस्कलाच नंबर फिरवण्याची आज्ञा गेली आणि डिस्कवरची आधीची सिस्टिम खराब झाली. मोडेमला जोडून घेण्याच्या धडपडीतून जी सिस्टिम जन्मली, तिच्यावर मोडेम चालत नाही हे विधान इतक्या लोकांनी न तपासता पुढं पाठवलं, याचं मला खरोखर दुःख होतं.

दुसरी वस्तू म्हणजे पीसीच्या आत स्लॉटमध्ये बसणारं स्वस्त कार्ड. विधानातलं अर्धं सत्य इथं आहे. या कार्डांना विनमोडेम म्हणतात. किंमत उतरवण्यासाठी कंपन्यांनी त्यातला प्रोसेसरच काढून टाकला आणि त्याचं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर सोपवलं. काही कार्डांत सूर ओळखणारी चिप तरी असे, आज्ञा समजून घेणारा भाग तेवढा संगणकात. काहींत तीही नाही, टेलिफोनच्या तारेला जोडणारा भाग आणि आवाजाचे आकडे करणारी एक चिप एवढंच. म्हणजे दुकानदारानं मोडेम म्हणून दिला तो अर्धाच मोडेम होता. उरलेला अर्धा सीडीवर होता, आणि ती सीडी विंडोजसाठी होती. चिप कशी चालते याची माहिती कंपन्यांनी उघड केली नाही, त्यामुळं बाहेरच्या कुणाला ड्रायव्हर लिहिणं फार अवघड झालं.

हे मी अनुभवानं सांगतो. राजारामपुरीत एका संध्याकाळच्या क्लासमध्ये शिकवत असताना मी असं एक कार्ड लिनक्सवर चालवण्यात तीन आठवडे घालवले. पोर्ट बदलून पाहिले, इंटरप्ट बदलून पाहिले, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा दोनदा बांधला. काही हललं नाही. मग एका विद्यार्थ्यानं त्याच्या काकांच्या ऑफिसातली जुनी डबी आणली. केबल जोडली आणि दहा मिनिटांत ती किरकिर, तो लांबलचक खरखरीचा आवाज, आणि नेट लागलं. पीसी तोच, लिनक्स तेच, टेलिफोनची लाइनही तीच. त्या दिवशी मला कळलं की दोष कुठं होता.

तरीसुद्धा कार्डांच्या बाबतीतही 'ड्रायव्हर दिलेच नाहीत' हे पूर्ण खरं नाही. स्मार्टलिंकच्या चिपसाठी एसएलमोडेम हा ड्रायव्हर मिळाला. लॅपटॉपमधल्या अनेक एसी-९७ जातीच्या (ध्वनीच्या चिपशी जोडलेल्या) मोडेमना कर्नलच्या ध्वनी विभागातला इंटेल ड्रायव्हर आणि एसएलमोडेम मिळून चालवतात. ल्युसंटच्या चिपसाठी एलटीमोडेम आणि नंतर मार्शियन आलं. कोनेक्झंटच्या चिपसाठी लिनक्सअंट या कंपनीचा ड्रायव्हर होता. यातली मेख मी लपवत नाही: या बहुतेकांच्या पोटात कंपनीचा बंद भाग आहे, कर्नल नवा झाला की जोडणी तुटते, आणि एसएलमोडेमचा तो भाग ३२ बिटी, म्हणजे जुन्या जातीच्या सिस्टिमसाठीचा आहे. म्हणून कार्ड असेल तर आधी 'एलएसपीसीआय' ही आतली कार्डं दाखवणारी आज्ञा चालवून चिप कुणाची ते बघा आणि मगच वेळ घाला. डबी असेल तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नाहीच.

'चालत नाही' म्हणून माझ्याकडं आलेल्या कितीतरी डब्या मुळात दोन वेगळ्याच कारणांनी अडलेल्या होत्या. एक, वळवाचा पाऊस. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये गडगडाट सुरू झाला की वीज टेलिफोनच्या तारेतून आत येते आणि मोडेमचा लाइनकडचा भाग जाळते. प्रोसेसर शाबूत राहतो. 'एटी'ला 'ओके' येतं, पण फोन काही लागत नाही, आणि माणूस लिनक्सला बोल लावतो. तपासायला सोपं आहे: 'एटीएच१' लिहा. मोडेम रिसीव्हर उचलल्यासारखी लाइन धरतो, रिलेचा 'टक्' ऐकू येतो, आणि स्पीकर चालू असेल तर डायल टोनही. टोन आला नाही तर आधी त्याच तारेला साधा फोन लावून बघा. फोनवर टोन असेल आणि मोडेमवर नसेल, तर बहुधा मोडेमचा लाइनकडचा भाग गेला.

दोन, टोनचा सूर. अमेरिकेतला डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्‌झच्या दोन सुरांचा असतो. आपला ४०० हर्ट्‌झचा, २५ हर्ट्‌झनं थरथरणारा. तिकडच्या बाजारासाठी बनलेले बरेच मोडेम आपला टोन ओळखतच नाहीत आणि 'नो डायलटोन' म्हणून थांबतात. 'एटीएक्स३' दिलं की टोनची वाट न पाहता नंबर फिरवतात. विंडोजवरही हीच अडचण यायची. तिथं 'डायल टोनची वाट पाहा' या चौकोनातली खूण काढायची, इतकाच फरक.

'विंडोजवर कुठलाही मोडेम चालतो' याला उत्तर थोडक्यात पुरे. त्याच कार्डाची सीडी हरवली की विंडोज ९८ वरही ते मुकं होतं, हे त्या काळात दुरुस्तीचं काम केलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. आणि आजच्या ६४ बिटी विंडोजसाठी त्यातल्या बहुतेक कार्डांचे ड्रायव्हर निघालेच नाहीत. बाहेरची डबी मात्र दोन्हीकडं चालते.

वेगाबद्दलचं विधान सगळ्यात जास्त पसरलं आहे, आणि ते कसं जन्मलं असेल हे मला दिसतं. मोडेम जोडला गेला की 'कनेक्ट' असं लिहून पुढं एक आकडा देतो. हा आकडा दोन प्रकारचा असू शकतो. संगणक आणि डबी यांच्यामधल्या केबलचा वेग, किंवा डबी आणि एक्सचेंज यांच्यामधल्या तारेचा वेग. पहिला ११५२०० असा दिसतो, दुसरा ४६६६६ किंवा तसाच काहीतरी. एकानं विंडोजवर पहिला आकडा पाहिला, लिनक्सवर दुसरा पाहिला आणि निम्म्याहून कमी झाला म्हणून सांगितलं. दोन्ही वेळी तारेवर धावत होतं ते एकच. बऱ्याच मोडेमना 'एटीडब्ल्यू२' दिलं की तारेचा खरा आकडा मिळतो.

तारेचा वेग ठरवतात दोन टोकांचे मोडेम, आपसात. पहिल्या काही सेकंदांची ती किरकिर म्हणजे त्यांचं बोलणं: ही लाइन किती सहन करेल? ऑपरेटिंग सिस्टिम तिथं नसतेच. १९९८ च्या व्ही.९० या मोडेमच्या मानकात उतरणारा वेग ५६ केपर्यंत (के म्हणजे सेकंदाला हजार बिट) आणि चढणारा ३३.६ के आहे, पण त्याला एक अट आहे. सेवा देणाऱ्याच्या टोकापासून तुमच्या एक्सचेंजपर्यंत सगळं डिजिटल हवं, आवाजात रूपांतर एकदाच व्हावं. लक्ष्मीपुरीतल्या पेढ्यांत, हॉटेलांत बसवलेल्या ईपीएबीएक्समधून, म्हणजे आतल्या छोट्या एक्सचेंजमधून, लाइन घेतली की ते रूपांतर पुन्हा होतं आणि मोडेम ३३.६ वर किंवा त्याखाली उतरतो. पावसाळ्यात तारेच्या सांध्यात ओल गेली की आणखी खाली. यात लिनक्सचा काय संबंध?

खरोखर वेग निम्मा पडतो अशी कारणं आहेत, तीही सांगतो. केबलचा वेग ३८४०० वर ठेवला असेल तर व्ही.४२ बिसचं आकुंचन (मजकूर दाबून लहान करणं) वाया जातं, म्हणून ११५२०० ठेवा. हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे 'जरा थांब' असं केबलवरून एकमेकांना सांगण्याची सोय, बंद असेल तर अक्षरं गळतात. खूप जुन्या पीसीत १६५५०ए ऐवजी ८२५० जातीची सिरीयल चिप असेल तर तिच्यात एकाच अक्षराची जागा असते. १६५५०ए मध्ये १६ अक्षरांची रांग बसते. आणि लिनक्सअंटच्या ड्रायव्हरची फुकट आवृत्ती १४.४ केवर अडवलेली होती, पैसे भरल्यावर ५६ के खुला व्हायचा. तो वापरून ज्यांनी निष्कर्ष काढला त्यांचा अनुभव खरा, निष्कर्ष चुकीचा.

'सगळं कमांड लिहून करावं लागतं' हे १९९५-९६ साली बऱ्याच अंशी खरं होतं. पण केडीई या डेस्कटॉपबरोबर केपीपीपी हा प्रोग्राम आला तेव्हापासून नंबर, नाव आणि पासवर्ड या तीन चौकटी भरून 'कनेक्ट' दाबायचं एवढंच उरलं. आमच्या क्लासमधल्या दहावीच्या मुलींनी ते पहिल्याच दिवशी केलं. मला स्वतःला डब्ल्यूव्हीडायल आवडतं. त्याच्या सोबतचा डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ प्रत्येक पोर्टावर 'एटी' पाठवून मोडेम शोधतो आणि फाइल लिहून देतो. तुम्ही त्या फाइलीत तीन ओळी भरायच्या. फोन लागतो पण लॉगिनशी अडतो असं झालं तर त्याच फाइलीत 'स्टुपिड मोड' चालू करा. मग तो कसलीही वाट न पाहता थेट पीपीपी, म्हणजे फोनच्या लाइनवर नेट जोडण्याची पद्धत, सुरू करतो. आजच्या डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर दोन गोष्टी आधी बघा: तुमचं नाव 'डायलआउट' गटात आहे ना, आणि मोडेममॅनेजर नावाची सेवा पोर्ट अडवून बसली नाही ना. माझ्या दुकानातल्या बहुतेक तक्रारी या दोहोंतच मिटतात.

राहिला उपयोगाचा प्रश्न. डायल-अपनं नेट वापरा, असं मी कुणाला सांगणार नाही. १ एमबीची फाइल उतरायला चांगल्या लाइनवरही तीन मिनिटं लागतात. अमेरिकेत एओएल या इंटरनेट कंपनीनंही सप्टेंबर २०२५ अखेर डायल-अप बंद केलं. पण मोडेम म्हणजे फक्त इंटरनेट नव्हे. दोन टोकांना दोन लँडलाइन आणि दोन डब्या असल्या की मध्ये कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरशिवाय, लँडलाइनच्या भाड्यापलीकडं वेगळ्या वर्गणीशिवाय यंत्राशी बोलता येतं. फॅक्स पाठवता येतो. एम-गेटी हा प्रोग्राम बसवून लिनक्सच्या मशीनला उलट फोन घ्यायला लावता येतं. फायबरवरच्या फोनवर मात्र भरवसा ठेवू नका. आवाज जी.७११ या साध्या पद्धतीत जात असेल तर कमी वेगानं जुळतो, जी.७२९ सारखं आवाज दाबून लहान करणारं कोडेक (आवाजाचे आकडे करण्याची पद्धत) असेल तर जुळत नाही.

सचिवांच्या संस्थेचं काम नेमकं हेच होतं. नदीकाठच्या पंपघरात पाण्याची पातळी आणि पंपाचे तास नोंदवणारं जुनं यंत्र आहे, त्याला आतच मोडेम जोडलेला. पावसाळ्यात तिकडची वाट पाण्याखाली जाते, तेव्हा फोन लावूनच नोंदी घ्यायच्या. ऑफिसातला विंडोजचा जुना पीसी बंद पडला, नव्या पीसीवर त्यांच्या मुलानं उबुंटू टाकलं, आणि नेमका तेव्हाच हा मजकूर आला. एका विक्रेत्यानं सगळी यंत्रणाच बदलायला सांगितली होती. सभासदांच्या पैशातून तो खर्च काढायचा कसा, या काळजीत ते होते.

त्यांच्या कपाटात तिसरी डबी शिल्लक होती. नवीन पीसीला सिरीयल पोर्ट नव्हता, म्हणून माझ्याकडची यूएसबी ते सिरीयल केबल घेऊन मी संध्याकाळी ऑफिसात गेलो. मिनीकॉम हा सिरीयल पोर्टाशी बोलणारा प्रोग्राम उघडला, 'एटी' लिहिलं, 'ओके' आलं. 'एटीएक्स३' दिलं, मग पंपघराचा नंबर. अर्ध्या मिनिटात पडद्यावर 'कनेक्ट ९६००' उमटलं आणि खाली यंत्राच्या नोंदी एकेक ओळ करून यायला लागल्या. सचिव खुर्ची ओढून पडद्याजवळ बसले, खिशातून वही काढली आणि पातळीचे आकडे उतरवून घ्यायला लागले.