टॉर्च, आरसा आणि न दिसणारं विमान

गेल्या रविवारी धाकट्या भाच्यानं डिवचलं. "मामा, तुझं ते स्टेल्थ, म्हणजे रडारला न दिसणारं विमान, निव्वळ थाप. सर्बियानं 1999 मध्येच अमेरिकेचं तसलं एक विमान जुन्यापुराण्या क्षेपणास्त्रानं पाडलं होतं की." पठ्ठ्या बारावीत आहे आणि यूट्यूबवरून युद्धशास्त्रात डॉक्टरेट केलेली आहे. त्याचा मोठा भाऊ लगेच दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. "समोर अमेरिकेचं स्टेल्थ एफ-35 असेल तर बाकीच्यांनी विमान उडवायचंच कशाला?" दोघंही चुकताय म्हटल्यावर दोघंही मिळून माझ्यावर उलटले. हे दोन पक्ष फक्त आमच्या घरात नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

वाद घालण्याआधी मी खोलीतले दिवे घालवले. आरसा भिंतीला सरळ उभा टेकवला आणि मोबाइलचा टॉर्च मारला. तिघांचेही डोळे दिपले. मग आरसा थोडा मागे कलता केला. उजेड गेला छताकडे आणि आरशाच्या जागी नुसता काळोख. आरसा कुठे गेला नव्हता. आमचा उजेड आमच्याकडे परत पाठवायचं त्यानं बंद केलं होतं, इतकंच. रडार म्हणजे हाच टॉर्च, फक्त उजेडाऐवजी रेडिओ लहरींचा. पंखांच्या कडा, शेपट्या, चाकांच्या दारांच्या फटी, सगळ्यांचे कोन असे जुळवायचे की आलेली लहर भलतीकडेच जावी. एवढं करून जी परत जाईल ती लेपानं शोषायची. लोकांना वाटतं स्टेल्थ म्हणजे कसला तरी जादूचा रंग. रंग नंतरचा, आधी आकार. तेवढ्यात धाकट्यानं आरशावर बोट टेकवलं आणि त्या बोटाचा तेलकट ठसा टॉर्चमध्ये लख्ख चमकला. या ठशाकडे मी परत येणार आहे.

गंमत म्हणजे या आकाराचं गणित अमेरिकेला सोव्हिएत रशियाकडून मिळालं. प्योत्र उफिम्त्सेव्ह या शास्त्रज्ञानं 1962 मध्ये विद्युतचुंबकीय लहरी कडांवरून कशा विखुरतात यावर पुस्तक लिहिलं. त्यात लष्करी उपयोगाचं काही आहे असं तिथे कुणाला वाटलं नाही, त्यामुळे ते उघड छापलं गेलं. अमेरिकन हवाई दलानं त्याचं भाषांतर करून घेतलं आणि लॉकहीडमधल्या एका गणितज्ञाच्या ते हाती लागलं. त्यातून एफ-117 हे स्टेल्थ विमान जन्माला आलं. ते इतकं कोनाकोनांचं, कागदाच्या घड्या घातल्यासारखं का दिसतं? कारण सत्तरच्या दशकातल्या संगणकांना सपाट पृष्ठभागांचं गणित झेपत होतं, वक्र पृष्ठभागांचं नाही. पुढे संगणक सुधारले आणि बी-2, एफ-22 ही नंतरची स्टेल्थ विमानं गोलाईदार झाली.

आता खरा मुद्दा, अंतराचा. रडारला विमान किती लांबून दिसतं हे परत येणाऱ्या लहरीच्या हिशेबानं ठरतं, पण सरळ प्रमाणात नाही, चौथ्या मुळाच्या प्रमाणात. म्हणजे दिसण्याचं अंतर निम्मं करायचं तर विमानाचा रडारवरचा ठसा 16 पट लहान करावा लागतो. अंतर एक दशांशावर आणायचं तर 10,000 पट. वाचायला हे निराशाजनक वाटतं. इतका आटापिटा करून फक्त दहावा हिस्सा? पण घड्याळ लावून बघा. ताशी 900 किलोमीटर वेगानं येणारं विमान मिनिटाला 15 किलोमीटर कापतं. 400 किलोमीटरवरून दिसलं तर तुमच्या हाती सव्वीस-सत्तावीस मिनिटं आहेत. 40 किलोमीटरवरून दिसलं तर पावणेतीन. तेवढ्यात रडारवाल्यानं ओळखायचं, वर कळवायचं, परवानगी घ्यायची आणि क्षेपणास्त्र सोडायचं. शिवाय नकाशावर प्रत्येक रडारभोवती 400 किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर वर्तुळं एकमेकांवर चढतात, फट उरत नाही. तीच वर्तुळं 40 ची केली की मधून हमरस्ते मोकळे होतात. स्टेल्थ विमानाचा वैमानिक या हमरस्त्यांवरून जातो. त्याला अदृश्य व्हायचंच नसतं, त्याला उशिरा दिसायचं असतं.

म्हणून 27 मार्च 1999 ची रात्र मला दोन्ही भाच्यांपेक्षा वेगळी दिसते. बेलग्रेडच्या पश्चिमेला बुद्यानोव्हत्सी गावाजवळ एफ-117 पडलं. पाडणारं क्षेपणास्त्र एस-125, साठच्या दशकाच्या सुरुवातीचं. तुकडीचा प्रमुख होता कर्नल झोल्तान दानी. त्याच्याकडे मीटरभर लांबीच्या लहरींवर चालणारं जुनं पी-18 रडार होतं. लहर जेव्हा विमानाच्या शेपटीएवढी लांब असते तेव्हा कोनांची आणि लेपाची चलाखी फारशी चालत नाही, काहीतरी येतंय एवढं तरी कळतं. पण अशा रडारचा झोत जाड असतो. पाहुणा गल्लीत शिरलाय हे समजतं, कुठल्या दारात उभा आहे ते नाही. क्षेपणास्त्राला दार लागतं, त्यासाठी सेंटीमीटरच्या लहरींचं बारीक रडार लागतं, आणि स्टेल्थची सगळी मेहनत नेमकी त्या लहरींविरुद्ध असते.

मग पाडलं कसं? विमानं रोज त्याच वाटेनं येत होती. त्या रात्री शत्रूची रडार भंडावून सोडणारी सोबतची विमानं आकाशात नव्हती. दानीनं आपल्या लोकांना शिस्त लावली होती की नेम धरणारं रडार काही सेकंदच चालू ठेवायचं, मग बंद करून जागा बदलायची. विमान अगदी जवळ आलं आणि त्यानं साधलं. म्हणजे हमरस्ता ठरलेला होता आणि चौकीदार हुशार होता. यावरून स्टेल्थ फसवं आहे असं म्हणणं म्हणजे एकदा घरफोडी झाली म्हणून कुलूप ही संकल्पनाच बाद ठरवणं. याच एफ-117 नी 1991 च्या आखाती युद्धात सुमारे 1300 उड्डाणं केली, पडलं एकही नाही. (दानी पुढे बेकरी चालवायला लागला. त्यानं पाडलेल्या विमानाचा वैमानिक डेल झेल्को बऱ्याच वर्षांनी त्याला जाऊन भेटला आणि दोघांची दोस्ती झाली. युद्धाच्या गोष्टीत असं क्वचित ऐकायला मिळतं.)

इथवर मी स्टेल्थच्या बाजूचा वकील वाटलो असेन. आता तो बोटाचा ठसा. पृष्ठभाग जरासा बिघडला की चमक परत येते, तसंच विमानाच्या लेपाचं.

स्टेल्थ विमानाचं पॅनल उघडायचं म्हणजे नुसते स्क्रू काढायचे नाहीत. वरचा लेप कापायचा, आतली दुरुस्ती करायची, पॅनल बसवायचं, फटी पुन्हा भरायच्या, लेप चढवायचा, तो वाळेपर्यंत थांबायचं, मग मोजून बघायचं. दहा मिनिटांच्या कामासाठी विमान दिवसभर जमिनीवर. एफ-22 या दुखण्यानं कायमच हैराण आहे. एफ-35 चा लेप जास्त टिकाऊ केलाय, तरी त्याच्या सुट्या भागांची आणि दुरुस्तीची रड वेगळी आहेच. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेनं मार्च 2023 चा आकडा दिला होता: त्यांच्या एफ-35 ताफ्यातली सुमारे 55 टक्के विमानंच कामगिरीवर जायच्या स्थितीत होती. शंभर घेतलीत तर सकाळी पंचावन्न हजर. विकत घेताना एफ-35ए, म्हणजे त्याचा साधा प्रकार, 2022 च्या सुमाराला साधारण 8 कोटी डॉलरला पडायचा. लढाऊ विमानांच्या बाजारात ही किंमत फार नव्हती. पण हत्ती घेणं परवडलं तरी रोजचा चारा कोण घालणार?

ऑक्टोबर 2018 मध्ये फ्लोरिडाच्या टिंडल तळावर मायकेल चक्रीवादळ आलं. वादळ येतंय हे आधीपासून माहीत होतं. उडू शकणारी एफ-22 उडून गेली. सतराच्या आसपास तिथेच राहिली, कारण ती दुरुस्तीत होती. हँगरची छपरं त्यांच्या आसपास कोसळली. पुढे ती सगळी डागडुजी करून हलवता आली, तो नशिबाचा भाग. ज्या विमानाला शत्रूचं रडार शोधू शकत नव्हतं, त्याला वाऱ्यानं जागेवरच गाठलं. आणि अमेरिकेकडे एफ-22 आहेत किती? ठरली होती साडेसातशे, प्रत्यक्ष सेवेसाठी झाली 187, आणि कारखाना बंद. त्यातल्या प्रत्येकाची किंमत आकड्यापलीकडची आहे.

तिरुवनंतपुरमला ब्रिटिश एफ-35बी (एफ-35 चाच एक प्रकार) येऊन बसलं होतं ते आठवतंय? 14 जून 2025 ला उतरलं, हायड्रॉलिक बिघडलं, आणि उडालं थेट 22 जुलैला. आपण सगळ्यांनी मीम्स बनवून घेतले. बिघाड कुठल्याही विमानात होतो, त्यात लाज नाही. पण बरेच दिवस ते पावसात उघड्यावर होतं, आणि ब्रिटनहून पथक, सामान येईपर्यंत त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. रहस्य जपायचं असेल तर दुरुस्तीही रहस्य होते. याच्यावर कडी म्हणजे सप्टेंबर 2023: दक्षिण कॅरोलिनात एका एफ-35बी चा वैमानिक पॅराशूटनं बाहेर पडला, विमान एकटंच पुढे गेलं आणि तळानं लोकांना आवाहन केलं की कुठे दिसलं तर कळवा. या एका दिवशी स्टेल्थनं दिलेला शब्द शंभर टक्के पाळला.

दुसरी किंमत पोटाची. लहर उसळू नये म्हणून क्षेपणास्त्रं पंखाखाली टांगता येत नाहीत, पोटात ठेवावी लागतात. एफ-35 च्या पोटात हवेतून हवेत मारा करणारी चार मावतात. स्टेल्थ नसलेलं एफ-15ईएक्स उघड्यावर बारा घेऊन जातं. पंखाखाली लावलीत तर एफ-35 ही भरपूर उचलतं, पण मग तो कलता आरसा पुन्हा सरळ उभा केल्यासारखं. इंधनाच्या जादा टाक्यांचंही तेच. त्यामुळे लांब जायचं तर हवेतल्या हवेत इंधन घ्यायला लागतं, आणि ते देणारा टँकर म्हणजे प्रवासी विमानाएवढा ढब्बू प्राणी. तो कुठल्याही रडारवर दिवाळीसारखा दिसतो. चीननं जे-20 हे आपलं स्टेल्थ विमान आणि लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं बनवली तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एफ-22 पेक्षा हा टँकर जास्त असावा, असा माझा कयास. न दिसणारं विमान दिसणाऱ्या विमानाच्या दुधावर जगतं. गाय मारली की वासराशी लढायची गरजच काय?

आकाशातल्या झटापटीत एफ-35 जुन्या एफ-16 पुढे कमी पडलं, ही 2015 ची फुटलेली बातमी धाकट्यानं काढलीच. त्यावर वेळ घालवत नाही. स्टेल्थ विमान तितक्या जवळ गेलं असेल तर चूक आधीच झालेली असते. परावलंबनाचा मुद्दा मात्र खरा. तुर्कीनं रशियाची एस-400 ही विमानं पाडणारी क्षेपणास्त्र यंत्रणा घेतली आणि 2019 मध्ये त्यांना एफ-35 च्या कार्यक्रमातून बाहेर काढलं, पैसे भरलेले असूनही. या विमानाचं सॉफ्टवेअर, धोक्यांची माहिती, सुटे भाग, सगळ्याची चावी दुसऱ्याच्या खिशात. मार्च 2025 मध्ये कॅनडानं आपल्या 88 विमानांच्या खरेदीचा फेरविचार सुरू केला, तो याच अस्वस्थतेतून.

"मग तू काय घेशील ते सांग," मोठा म्हणाला. मी म्हटलं, थोडी स्टेल्थ घेईन, आणि ती पहिल्या दोन-तीन रात्रींसाठी जपून ठेवीन. रडार आणि क्षेपणास्त्रांच्या चौक्या मोडायला. वाट मोकळी झाली की बारा-बारा क्षेपणास्त्रं वाहणारी, रात्रीत दुरुस्त होणारी साधी विमानं हवीत, आणि भरपूर हवीत. अमेरिका स्वतः एफ-35 सोबत एफ-15ईएक्स विकत घेते, ते काही वेड लागलंय म्हणून नाही. आणि हँगरवर पैसे टाकीन. जून 2024 मध्ये रशियाचं स्टेल्थ विमान सुखोई-57 युद्धाच्या आघाडीपासून जवळजवळ 600 किलोमीटर आत, अख्तुबिन्स्कच्या तळावर उघड्यावर उभं होतं. युक्रेनी ड्रोननं त्याला तिथे गाठलं. शेजारच्या काँक्रीटवरचे काळे डाग उपग्रहाच्या फोटोत दिसले.

धाकटा थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानं शर्टाच्या बाहीनं आरशावरचा ठसा पुसायला घेतला. तो पुसला गेला नाही, पसरला.