मुलाम्याचा मासा आणि दरबारी मान: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माही मरातबावरच्या (मुघल बादशहाने बहाल करायचं माशाचं मानचिन्ह) लेखाखालची तुमची खरमरीत प्रतिक्रिया वाचली. दिल्लीचा बादशहा शाह आलम आंधळा, खजिना रिकामा, राखण शिंद्यांच्या फौजेची. मग त्याने धाडलेला मुलाम्याचा मासा हत्तीवरून मिरवण्यात पेशव्यांचा कसला मान, 'निव्वळ दागिन्यांची हौस', असं तुमचं म्हणणं.

हौसच असती तर पुण्यात सराफ काय कमी होते? मासा कुणीही घडवून घेतला असता. तो मिरवायचा हक्क मात्र वरून यावा लागे.

पेशव्यांना हा मान देण्यासाठी पुण्यात भरलेला जून १७९२ चा तो दरबार जरा जवळून बघा. बादशहा तिथे नव्हताच. त्याच्या नावाने तंबूत रिकामं तख्त मांडलेलं. सवाई माधवरावांनी त्याला तीनदा मुजरा केला, १०१ मोहरा नजर ठेवल्या आणि डाव्या बाजूला बसले. मग खिलत (मानाचा पोशाख), जवाहीर, ढाल-तलवार, मोरचेलं आणि त्यांच्याबरोबर कलमदान, शिक्का, दौत. दौत काय मिरवायला असते? वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी, म्हणून बादशहाच्या नावाने कारभार हाकायचा तर ती हवी. पद पेशव्यांचं आणि त्यांचे नायब (दुय्यम) महादजी शिंदे, अशी ती सोय होती. नाना फडणविसांनी विरोध केला तो उगाच नाही. हे सगळं स्वीकारायला साताऱ्याच्या छत्रपतींची परवानगी घ्यावी लागली. खेळण्यासाठी एवढा खटाटोप कोण करतं? (आदल्या भेटीत महादजींनी पेशव्यांपुढे नवे जोडे ठेवले, जुने फडक्यात गुंडाळून काखेत मारले, ते नाटक होतं हे कबूल. फर्मास नाटक होतं.)

'शिवाजी महाराजांनी असल्या वस्तूंना भीक घातली नसती' हे तुमचं वाक्य मात्र पटत नाही. १६६६ साली आग्र्याला औरंगजेबाच्या दरबारात राजपूत सरदार जसवंतसिंहाला खिलत मिळाली, महाराजांना नाही. ते भडकले ते तिथेच. नंतर देऊ केली तेव्हा ती त्यांनी साफ नाकारली. आणि १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडनने सिंहासनाशेजारी काय पाहिलं? भाल्यांच्या टोकांवर एकीकडे मोठ्या दातांची सोन्याची दोन मत्स्यमुखं, दुसरीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि सोन्याचा तराजू.

हे मासे कुणी बहाल केलेले नव्हते, महाराजांनी ते आपल्याच हक्काने लावले होते. तेव्हा १७९२ च्या माशाला नावं ठेवायचीच तर मुलाम्यावरून नको, देणाऱ्यावरून ठेवा. तिथे मी तुमच्या बाजूने आहे, आणि नानाही.