माझी बॉडी ऑड नाही, तुमचा शर्ट ऑड आहे

भाच्याच्या साखरपुड्यासाठी शर्ट घ्यायला आज मॉलमध्ये गेलो होतो. तासाभरात सात शर्ट घातले, सातही काढले. शेवटी दुकानातला बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा अगदी गोड आवाजात म्हणाला, "सर, तुमची बॉडी थोडी ऑड आहे."

ऑड!

आता ऐका. ४० नंबर घातला तर खांदे जिथल्या तिथे, बाही बरोबर मनगटावर, कॉलर मस्त. फक्त पोटावरच्या दोन बटणांमधून बनियन डोकावतं आणि बसलं की उघडी खिडकीच. म्हणून ४२ घातला. पोट सुटलं, पण खांद्याची शिवण दंडावर उतरली, बाही बोटांच्या पेरांपर्यंत आली. थोरल्या भावाचा शर्ट घालून शाळेत आल्यासारखा दिसत होतो. "रेग्युलर फिट ट्राय करा, सर." केला. मांडव!

मुळात हा ४२ म्हणजे काय? त्याला विचारलं तर म्हणाला, "छाती." लेबल उलटून दाखवलं त्याला, ४२ सेंमी. अरे बाबा, ४२ सेंटिमीटर छाती असायला मी काय तान्हं बाळ आहे? ती कॉलर आहे, गळ्याचा घेर. म्हणजे मान मोजायची आणि बाकीचा माणूस अंदाजाने कापायचा! नंबर वाढला की मान, तिरा (म्हणजे खांद्याची रुंदी), मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर), बाही, सगळंच वाढवायचं. माझं पोट वाढलंय, मान्य. पण हात? पन्नाशीला टेकलेल्या माणसाचे हात वाढलेले कुणी पाहिलेत का?

वाईला गणपती आळीत आमचे एक शिंपीकाका होते. माझे वडील पोस्टमन. तीस वर्षं टपालाची पिशवी उजव्या खांद्यावर. काका टेप लावण्याआधी दोन पावलं मागे सरून वडिलांकडे नुसते बघत राहायचे. मग छाती, पोट, सीट, तिरा, बाही अशी मापं, आणि वहीत सगळ्यांच्या खाली बारीक अक्षरात 'उ. खां. अर्धा उ.' उजवा खांदा अर्धा इंच उतरता. तेवढी ती बाजू ते उतरती कापायचे. वडिलांना कधी बोलले नाहीत. वडील गेल्यावर त्यांचा एक शर्ट मला बेतून घ्यायचा होता, तेव्हा काकांनी ती वही माझ्यापुढे उघडली. वडील शेवटपर्यंत समजत होते की आपले खांदे सरळ आहेत.

आणि इथे मी ऑड.

पँटचं तर बोलूच नका. घरी येऊन तीन पँटा टेपने मोजल्या. तिन्हींवर ३४ लिहिलंय. एक निघाली साडेचौतीस, दुसरी साडेपस्तीस, तिसरी थेट छत्तीस! गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून आकडाच खोटा छापायचा. माझ्या आईने दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याला दारातून परत पाठवलं होतं.

कुणीतरी आता लिहीलच की दादा, वजन कमी कर. डॉक्टरही तेच म्हणतात, ठीक आहे. पण आपल्या पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा तो फोटो आठवतोय का? २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे हडकुळ्या माणसालाही पोट असतं हो! हातपाय काटकुळे आणि मध्ये नगारा, हा आपला घरचा नमुना आहे. लग्नाच्या कुठल्याही पंगतीत बघा. मग ऑड कोण, पंगतभर माणसं की तुमचा साचा?

निफ्टने, म्हणजे फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने, म्हणे सहा शहरांत, त्यात मुंबईही, पंचवीस हजार भारतीयांची मापं स्कॅनर लावून घ्यायचा प्रकल्प हाती घेतला. चांगलंय. मला दुकानात अजून तेच एम, एल, एक्सएल दिसतंय.

बायकांचे हाल याहून वाईट आहेत, हे बायको मागून वाचून सांगतेय. बरं, आहेत. आणि शिंपी काही संत नव्हते, हेही लिहून टाकतो. काकांनी माझ्या मुंजीचा सदरा मुंज झाल्यावर चौथ्या दिवशी दिला होता. 'परवा या' हे वाक्य त्यांनी आयुष्यात जितक्या वेळा उच्चारलं तितक्या वेळा रामाचं नावही घेतलं नसेल.

त्या पोरावर चिडलो होतो. बिल न करताच निघालो, तर तो दार उघडायला पुढे आला. बघतो तर त्याच्याच युनिफॉर्मच्या शर्टाला पाठीमागे दोन सेफ्टी पिना. ढिला शर्ट आवळून धरलेला. हडकुळा पोरगा, त्याला एल दिला असणार, स्टॉकमध्ये तोच असेल. दिवसभर उभा राहून लोकांना फिटिंग सांगतो आणि स्वतः पिना लावून फिरतो. त्याला काय बोलायचं? 'येतो रे' म्हणालो आणि निघालो.

काका असते तर दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे बघितलं असतं. बाकी काही नाही.

असो. सासऱ्यांनी दिलेलं सव्वादोन मीटरचं शर्टपीस कपाटात पडून आहे. साखरपुडा पुढच्या रविवारी. कोथरूड-कर्वेनगरकडे अजून स्वतःच्या हाताने माप घेणारा कुणी शिंपी माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. 'परवा या' म्हणाला तरी चालेल. रेडीमेडच्या लिंका टाकू नका, उडवून टाकीन.

आणि हो, त्याला माझा उजवा खांदा नीट बघायला सांगणार आहे. लॅपटॉपची बॅग मीही वीस वर्षं त्याच खांद्यावर अडकवतोय.