‘बिनपगारी हमाली’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

गेले काही दिवस ओपनस्ट्रीटमॅप या, स्वयंसेवकांनी इंटरनेटवर तयार केलेल्या जगाच्या मोकळ्या नकाशाबद्दलचा एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: हा नकाशा कुणीही बदलू शकतो, म्हणून त्याचा भरवसा नाही. आता उपग्रह आणि एआय सगळं आपोआप काढतात, त्यामुळे माणसांची गरज उरलेली नाही. फोनमध्ये फुकट नकाशा आहेच, मग दुसरा कशाला? आणि शेवटचा घाव असा की, तुम्ही जे काही भरता ते बड्या कंपन्या उचलून नेतात, म्हणजे तुम्ही त्यांची बिनपगारी हमाली करताय.

हा नकाशा भरण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे मी तटस्थ असल्याचा आव आणणार नाही. पण हा मजकूर वाचून नवी माणसं मागे फिरतायत, म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर द्यायला हवं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी हा प्रकल्प सुरू केला. तिथे लोकांच्या पैशातून झालेल्या सरकारी मोजणीचे नकाशे लोकांना मोकळेपणाने वापरता येत नव्हते, ही त्यामागची चीड. आज जगभरचे मॅपर त्यात बिंदू, रेषा आणि त्यांना जोडलेले टॅग भरतात. टॅग म्हणजे ही रेषा रस्ता आहे की ओढा, एकेरी आहे की दुहेरी, डांबरी आहे की मातीची, याची नोंद.

‘कुणीही बदलू शकतो, म्हणून भरवसा नाही’

सुरुवातीच्या दिवसांत माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. एक उड्डाणपूल आणि त्याखालून जाणारा रस्ता, दोन्ही मी उपग्रहचित्रावरून काढले. वरून पाहिलं तर दोन रेषा एकमेकींना छेदतात, म्हणून मी छेदतात तिथे एक सामाईक बिंदू टाकला. नकाशाच्या भाषेत सामाईक बिंदू म्हणजे चौक. म्हणजे मार्ग शोधणारं ॲप आता पुलाच्या मधोमध गाडीला ‘डावीकडे वळा’ सांगणार! त्याच रात्री एका अनोळखी मॅपरची माझ्या चेंजसेटवर, म्हणजे मी जतन केलेल्या बदलांच्या नोंदीवर, टिप्पणी आली: ‘इथे हे दोन रस्ते खरंच एकमेकांना मिळतात का?’ एवढंच. मी बिंदू तोडला, वरच्या रेषेला पुलाचा टॅग लावला, थर १ दिला, म्हणजे ती खालच्या रस्त्याच्या वर आहे अशी नोंद केली. त्या माणसाचं खरं नाव मला आजही माहीत नाही.

हे कसं घडलं ते समजून घ्या. तुम्ही जे काही जतन करता त्याचा एक चेंजसेट होतो. त्यावर तुमच्या खात्याचं नाव, वेळ आणि तुम्ही लिहिलेला खुलासा असतो, आणि तो जगात कुणालाही पाहता येतो. प्रत्येक बिंदूची आणि रेषेची आधीची आवृत्ती जपलेली असते, त्यामुळे बिघडलेलं परत पहिल्यासारखं करता येतं. बदल छाननीसाठी वेगळे काढणारी साधनं आहेत, पाण्यातून जाणारे रस्ते आणि कशालाच न जोडलेल्या रेषा शोधणारे तपासनीस प्रोग्राम आहेत. वाद चिघळला किंवा कुणी मुद्दाम नासधूस केली तर डेटा वर्किंग ग्रुप हा प्रकल्पाचाच एक गट हस्तक्षेप करतो आणि गरज पडल्यास खातं रोखतो. कुणीही बदलू शकतो हे खरंच आहे. पण तो बदल इतर कुणीही पाहू शकतो, विचारू शकतो आणि उलटवू शकतो, हे वाक्य त्या मजकुरातून गाळलंय.

या मुद्द्याला पुरावा म्हणून ऑगस्ट २०१८ची घटना हमखास दिली जाते. न्यूयॉर्क शहराचं नाव कुणीतरी ज्यूद्वेषी शब्दाने बदललं आणि ते स्नॅपचॅटसारख्या ॲपमध्ये झळकलं. घटना खरी आहे, पण तिचा क्रम पाहा. ओपनस्ट्रीटमॅपवर ती नासधूस काही तासांतच उलटवली गेली होती. ॲपमध्ये ती दिसली जवळजवळ तीन आठवड्यांनी, कारण त्या ॲपना नकाशा पुरवणाऱ्या मॅपबॉक्स कंपनीच्या स्वतःच्या छाननीतून तो जुना बदल सुटला. स्वयंसेवकांनी आपलं काम केव्हाच केलं होतं.

आता अचूकतेचं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले मुकी हॅकले यांनी इंग्लंडमधल्या ओपनस्ट्रीटमॅपची तिथल्या सरकारी मोजणीशी तुलना केली. २०१० साली ती प्रसिद्ध झाली. त्यासाठी घेतलेला डेटा २००८चा, म्हणजे प्रकल्प जेमतेम चार वर्षांचा असतानाचा होता, तरी रस्त्यांच्या जागेतला फरक सरासरी सुमारे ६ मीटर निघाला. २०१७ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात जगातल्या रस्त्यांपैकी सुमारे ८३ टक्के रस्ते या नकाशात आले असल्याचा अंदाज मांडला गेला.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करतो. हॅकले यांच्याच अभ्यासात असंही दिसलं की गरीब वस्त्यांमध्ये नकाशा विरळ होता. जिथे मॅपर राहत नाहीत, जिथे कुणाचं लक्ष नाही, तिथली चूक वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. एखाद्या कोपऱ्यातला बंद झालेला दवाखाना नकाशात चालू दिसत असेल तर त्याची किंमत कुणालातरी मोजावी लागते. ही या नकाशाची खरी उणीव आहे. पण ती माणसं कमी पडल्यामुळे आहे, आणि तिच्यावरचा उपाय म्हणून ‘माणसांनो, निघून जा’ असं सांगणं मला अजिबात पटत नाही.

‘उपग्रह आणि एआय आहेत, आता माणूस कशाला?’

इमारतींच्या बाह्यरेषा काढण्यात यंत्र चांगलं आहे, यात वाद नाही. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १२.५ कोटी इमारतींच्या यंत्राने काढलेल्या रेषा मोकळ्या केल्या. एवढं काम हाताने करायला किती माणसं किती वर्षं लागली असती! पण त्या रेषेच्या आत शाळा आहे की गोदाम, हे त्यात नाही. फेसबुकने थायलंडमधले रस्ते उपग्रहचित्रांतून यंत्राकडून शोधून घेतले, तेव्हाही प्रत्येक रस्ता नकाशात घालण्याआधी माणसाच्या नजरेखालून गेला. याचं कारण साधं आहे. कोरडा ओढा, कालव्याचा बांध आणि कच्चा रस्ता वरून सारखेच दिसतात. शिवाय उपग्रहचित्र काही मीटर सरकलेलं असू शकतं, डोंगराळ भागात तर हमखास. ते जीपीएसच्या खुणांशी जुळवून घ्यावं लागतं.

दोन रस्त्यांना जोडणारा एक जिना मी नकाशात घातला, त्याचं उदाहरण देतो. उपग्रहचित्रात तिथे फक्त झाडाचा गर्द हिरवा गोळा दिसतो. जिना आहे हेच वरून कळत नाही. मी चालत गेलो, पायऱ्या मोजल्या, तेवीस भरल्या. कठडा एकाच बाजूला, चढताना उजव्या हाताला. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी नेण्यासाठी उतार नाही. दृष्टिहीनांच्या काठीला कळेल अशी खरखरीत पट्टी ना वर, ना खाली. अंधार पडेपर्यंत थांबलो तेव्हा कळलं की मधला दिवा लागतो. हे सगळं टॅगमध्ये गेलं: पायऱ्यांची संख्या, कठडा, उतार नाही, पट्टी नाही, उजेड आहे. बर्लिनमधल्या लोकांनी २०१०मध्ये सुरू केलेला व्हीलमॅप हा नकाशा अशाच नोंदींवर उभा आहे. एखाद्या ठिकाणी चाकाच्या खुर्चीतून जाता येतं, अर्धवट येतं की येतच नाही, एवढं तो सांगतो. खुर्चीवर बसलेल्या माणसाला घराबाहेर पडण्याआधी हेच हवं असतं, आणि ते आकाशातून दिसत नाही.

गल्लीचं नाव काय, फाटकाला रात्री कुलूप असतं का, नळाला पिण्याचं पाणी येतं का, याबाबत यंत्राने फार तर अंदाज करावा. तिथे उभ्या असलेल्या माणसाला अंदाजाची गरज नाही.

‘फुकट नकाशा फोनमध्ये आहेच’

तो नकाशा तुम्हाला बघायला मिळतो, त्याखालचा डेटा मिळत नाही. तो उतरवून घेऊन, त्यात आपल्या गावातल्या विहिरी भरून, छापून शाळेत वाटायचा म्हटलं तर परवानगी आडवी येते. ओपनस्ट्रीटमॅपच्या बाबतीत अख्ख्या पृथ्वीचा डेटा कुणालाही उतरवून घेता येतो आणि दर मिनिटाचे बदलही मिळतात. नेट नसताना चालणारी ओएसएमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्ससारखी ॲप त्यातूनच जन्मली.

आणि काय दाखवायचं हे कोण ठरवतं? नैरोबीतली किबेरा ही प्रचंड मोठी वस्ती २००९पर्यंत नकाशांवर जवळजवळ कोरी होती. त्या वर्षाच्या अखेरीस तिथल्याच तरुण-तरुणींनी हातात जीपीएस घेऊन गल्ल्या, दवाखाने, शाळा, पाण्याच्या जागा, शौचालयं नोंदवली आणि त्या मोकळ्या नकाशात घातली. पुढच्याच जानेवारीत, १२ जानेवारी २०१० रोजी, हैतीत भूकंप झाला. पोर्ट-ओ-प्रिन्स या तिथल्या राजधानीचा पुरेसा तपशीलवार नकाशाच हाताशी नव्हता. कंपन्यांनी उपग्रहचित्रं खुली केली आणि शेकडो स्वयंसेवकांनी घरी बसून रस्ते, कोसळलेल्या इमारती, तंबूंच्या छावण्या काढल्या. बचावपथकांनी तो डेटा आपल्या जीपीएस यंत्रांत भरून नेला. त्या अनुभवातून त्याच वर्षी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था रीतसर उभी राहिली. २०१५च्या नेपाळ भूकंपात काठमांडूतले स्थानिक मॅपर आधीपासून तयार होते, म्हणून बाहेरून मदतीला आलेल्या हजारो हातांना दिशा मिळाली.

‘कंपन्यांची बिनपगारी हमाली’

हा मुद्दा सगळ्यात जास्त लागतो, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. ॲपल, ॲमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट या सगळ्या कंपन्या हा डेटा वापरतात आणि त्यातून कमावतात. ‘ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते’ हा श्रेयनिर्देश कित्येक ॲपमध्ये बारीकशा खुणेमागे दडवलेला असतो. याचा मलाही राग येतो आणि त्याबद्दल बोलायलाच हवं.

पण हमाली म्हणजे काय? ओझं तुम्ही वाहायचं आणि माल दुसऱ्याच्या गोदामात जायचा. इथे माल कुणाच्या गोदामात जातो ते तपासा. २०१२च्या सप्टेंबरपासून या डेटाला ओडीबीएल (ओपन डेटाबेस लायसन्स) हा परवाना लागू आहे. कुणीही वापरा, पैसे कमवा, पण श्रेय द्या. आणि या डेटात भर घालून तयार केलेला डेटाबेस लोकांसमोर वापरलात तर तोही याच अटींवर मोकळा करा. कंपनीने डेटा उचलला म्हणून तो माझ्याकडून, तुमच्याकडून किंवा किबेरातल्या मुलीकडून कमी होत नाही. कंपनी उद्या बंद पडली तरी तो तिथेच राहतो.

आता उलट बाजू पाहा. एखाद्या कंपनीच्या नकाशा-ॲपमध्ये ‘हे दुकान बंद झालंय’, ‘इथे रस्ता आहे’ अशा सूचना लाखो लोक रोज भरतात. तेही फुकटच. ती दुरुस्ती त्या कंपनीच्या मालकीच्या साठ्यात जाते. तुमच्या वस्तीची तुम्हीच भरलेली माहिती तुम्हाला एकत्र उतरवून घेता येत नाही, दुसऱ्या कामाला लावता येत नाही. हमाली हा शब्द वापरायचाच असेल तर तो आधी इथे लागू होतो. त्या मजकुरात मात्र याचा उल्लेखही नाही.

शिवाय या कंपन्यांनी पगारी मॅपरही ठेवले आहेत, आणि ते याच मोकळ्या नकाशात भर घालतात. त्यातून नवे ताण आले. संघटित पथकांनी स्थानिकांना न विचारता धडाधड बदल केले तर काय? म्हणून २०१८ मध्ये संघटित संपादनासाठी मार्गदर्शक नियम ठरले. आपण कोण आहोत, काय आणि कुठे करणार आहोत, कुणाशी बोलायचं, हे आधी जाहीर करणं त्यात अपेक्षित आहे. हे भांडण संपलेलं नाही. २०२२च्या डिसेंबरमध्ये ॲमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम यांनी मिळून ओव्हर्चर नावाचा, मोकळ्या नकाशा-डेटाचाच वेगळा खटाटोप सुरू केला, त्याकडेही डोळ्यांत तेल घालून पाहावं लागेल. पण अशा वेळी नकाशातून उठून जाणाऱ्याचं मत कुणी विचारत नाही. रोज भर घालणाऱ्या, चर्चेत बोलणाऱ्या आणि प्रकल्पाला आधार देणाऱ्या ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशन या संस्थेच्या निवडणुकीत मत देणाऱ्या माणसांमुळेच कंपन्यांना नियम पाळावे लागतात.

मजकुराच्या शेवटी ‘तुमच्या एका दुरुस्तीने काय होणार?’ असा टोमणाही आहे. माझ्या त्या उड्डाणपुलावरचा सामाईक बिंदू काढला, ती एकच दुरुस्ती होती. स्वतः नकाशात बदल करायचा नसेल तर नकाशावर नुसती टीप ठेवा: ‘हा रस्ता आता बंद आहे.’ कुणीतरी ती वाचून तपासतं. स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप तर उभ्या-उभ्या साधे प्रश्न विचारतं, ‘या रस्त्याला पदपथ आहे का?’, ‘ही पायवाट कशाची आहे?’, आणि उत्तर थेट नकाशात जातं.

त्या तेवीस पायऱ्यांशेजारी अजून उतार बांधलेला नाही, टॅगमध्येही ‘नाही’ असंच आहे. बांधला गेला की मी तो बदलेन. कदाचित माझ्याआधी तिथून जाणारं दुसरं कुणीतरी बदलेल.