‘रोखा आणि बटण दाबा’ : थर्मल कॅमेऱ्याविषयी फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

कारखान्यांतील मेंटेनन्स विभाग, सोसायट्यांच्या समित्या आणि विजेचे ठेकेदार यांच्या व्हॉट्सॲप गटांवर हातात धरायच्या थर्मल कॅमेऱ्याविषयीचा एक मजकूर थोड्याफार फरकाने फिरत असतो. त्याचा आशय असा : कॅमेरा पॅनेलवर रोखला की पडद्यावर उमटतो तो आकडा म्हणजेच त्या जागेचे तापमान; तो भिंतीच्या आतले पाइप आणि ओल दाखवतो; जे लाल दिसेल ते धोक्याचे आणि निळे ते सुरक्षित; जवळून पाहा की लांबून, फरक पडत नाही; हात लागत नसल्यामुळे कामात धोका नाही; आणि आत हलणारा एकही भाग नसल्याने कॅलिब्रेशन, देखभाल वगैरे कंपन्यांनी लावलेला फुकटचा खर्च आहे. शेवटी, हे काम कोणताही हेल्पर करू शकतो आणि चित्र गटावर टाकले की जाणकार निदान सांगतात, असा शेरा असतो. उपकरण उपयोगाचे आहे याबद्दल वाद नाही, पण या मजकुरातील जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे किंवा अर्धवट आहे आणि त्यांतली काही विधाने तर पाळणाऱ्याच्या जिवावर बेतणारी आहेत.

पहिल्या विधानावर सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण बाकीच्या बऱ्याच चुका त्यातूनच निघतात. हा कॅमेरा तापमान मोजत नाही. समोरच्या पृष्ठभागाकडून येणारे, साधारण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे अवरक्त प्रारण तो टिपतो आणि त्यावरून तापमानाचा हिशेब मांडतो. त्या प्रारणात पृष्ठभागाने स्वतः उत्सर्जित केलेला भाग असतो, तसाच आजूबाजूच्या वस्तूंकडून येऊन त्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला भागही असतो. या दोहोंचे प्रमाण पृष्ठभागाच्या उत्सर्जकतेवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या मेनूत जिला एमिसिव्हिटी म्हटलेले असते तिच्यावर, ठरते. रंगवलेला पत्रा, पीव्हीसी टेप, रबर, काँक्रीट यांची उत्सर्जकता ०.९ च्या आसपास किंवा त्याहून अधिक असते, तर चकचकीत तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची ०.१ च्याही खाली जाऊ शकते. बहुतेक कॅमेरे कारखान्यातून ०.९५ वर लावून येतात आणि अनेक ठिकाणी ते आयुष्यभर तिथेच राहतात.

याचा परिणाम किती होतो ते आकड्यांतच पाहिलेले बरे. समजा, पॅनेलमधील घासून चकचकीत केलेला तांब्याचा बसबार, म्हणजे वीज वाहून नेणारी जाड पट्टी, प्रत्यक्षात ८० अंश सेल्सिअसला आहे, त्याची उत्सर्जकता ०.१ आहे, खोलीचे तापमान ३५ अंश आहे आणि कॅमेरा ०.९५ वरच ठेवलेला आहे. ढोबळ हिशेब केला तरी पडद्यावर उमटणारा आकडा चाळिशीच्या आसपास येतो. ज्याला हात लावता येणार नाही असा तापलेला बसबार अहवालात ‘सामान्य’ म्हणून नोंदला जातो, आणि त्या नोंदीखाली सही करणाऱ्याला काही चुकल्याची शंकाही येत नाही. उलट प्रकारही तितकाच घडतो. त्याच चकचकीत पट्टीत पाहणाऱ्याच्या अंगाचे किंवा वरच्या दिव्याचे प्रतिबिंब पडते आणि नसलेला गरम ठिपका दिसतो. अशा वेळी दोन पावले बाजूला सरकून पाहावे. ठिपका आपल्याबरोबर सरकला तर तो परावर्तनाचा, जागच्या जागी राहिला तर तो खरा असण्याची शक्यता जास्त.

मेनूत जाऊन एमिसिव्हिटी ०.१ केली की प्रश्न सुटला, असेही नाही. इतक्या कमी उत्सर्जकतेवर परावर्तित तापमानातील, म्हणजे पृष्ठभागात प्रतिबिंब पडणाऱ्या आजूबाजूच्या वस्तूंच्या तापमानातील, लहानशी चूकही आकड्यात कित्येक अंशांनी वाढून येते. म्हणून अनुभवी माणसे चकचकीत धातूवर मोजतच नाहीत. ती लगच्या, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडणीच्या, शेजारचे केबलचे इन्सुलेशन, टर्मिनलचा रंगवलेला भाग किंवा काळवंडलेला बोल्ट पाहतात. शटडाउनच्या काळात, पुरवठा बंद आणि अर्थिंग झाल्याची खात्री करून, ठरावीक जागी त्या तापमानाला टिकेल अशी इन्सुलेशन टेप लावून ठेवली तर पुढच्या प्रत्येक पाहणीत तिथे भरवशाचा आकडा मिळतो. परावर्तित तापमान काढण्याची रीत सोपी आहे : स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियम फॉइल चुरगळून पुन्हा उलगडावी, पुठ्ठ्यावर चिकटवून मोजायच्या जागेजवळ त्याच दिशेने धरावी आणि कॅमेऱ्यात उत्सर्जकता १ व अंतर ० ठेवून फॉइलचे सरासरी तापमान वाचावे. तोच आकडा मेनूत भरायचा असतो.

याच्याच जोडीला विक्रीपत्रकातील दोन आकड्यांची गल्लत होते. ‘०.०५ अंश’ असे ठळक छापलेले असते ती संवेदनशीलता, म्हणजे शेजारच्या दोन बिंदूंमधील किती बारीक फरक चित्रात दिसेल याचे माप. अचूकता वेगळी असते आणि ती सामान्यतः अधिक-उणे २ अंश किंवा वाचनाच्या २ टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते, अशी लहान अक्षरांत दिलेली असते. त्यामुळे दोन फेजमधला अर्ध्या अंशाचा फरक कॅमेरा छान दाखवील, पण ‘तापमान ४७.३ आहे’ यातल्या दशांशाला फारसा अर्थ नाही.

भिंतीच्या आत दिसण्याचे विधान पुष्कळ जुने आहे आणि हटवादी आहे. कॅमेऱ्याला दिसतो तो पृष्ठभाग. गिलाव्याखालून गरम पाण्याचा पाइप गेला असेल तर त्याची उष्णता पृष्ठभागापर्यंत पोहोचते आणि तिथे पट्टा उमटतो. पाणी बराच वेळ वाहिले नसेल तर पाइप असूनही काहीच दिसत नाही. ओलीच्या बाबतीत तर कॅमेरा पाणी पाहतच नाही. ओल्या जागेवरून बाष्पीभवन होते, तेवढा भाग थंड पडतो आणि तो थंडपणा चित्रात दिसतो. मुंबई-कोकणात ऐन जुलैत हवा इतकी दमट असते की बाष्पीभवन मंदावते आणि ठिबकणारी भिंतसुद्धा कॅमेऱ्यात निर्दोष दिसू शकते. शिवाय थंड डाग हा एसीच्या झोताचा, आतल्या काँक्रीटच्या बीमचा किंवा सावलीचाही असतो. म्हणून संशयित जागेवर मॉइश्चर मीटर लावून खात्री केल्याशिवाय प्लंबरला भिंत फोडायला सांगणे म्हणजे फरशीवाल्याची सोय करण्यासारखे आहे.

काचेचेही तसेच. साधी काच या तरंगलांबीला अपारदर्शक असते, त्यामुळे खिडकीतून पलीकडचे तापमान मिळत नाही, काचेचे आणि तिच्यातील प्रतिबिंबाचे मिळते. घरात हा गैरसमज निरुपद्रवी ठरेल, पण पॅनेलमध्ये बसबारपुढे लावलेल्या ॲक्रिलिकच्या किंवा पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक शीटवर कॅमेरा रोखून ‘बसबार ठीक’ असे लिहिलेले अहवाल तयार होतात. डोळ्यांना आरपार दिसणारी ती शीट कॅमेऱ्यासाठी भिंतच असते. यासाठी पॅनेलच्या दारात कॅल्शियम फ्लुओराइड किंवा खास पॉलिमरची अवरक्त खिडकी बसवतात, आणि तिच्यातून पाहतानाही तिचा पारगमन-गुणांक, म्हणजे प्रारणाचा किती भाग ती आरपार जाऊ देते ते प्रमाण, हिशेबात धरावा लागतो.

लाल म्हणजे धोका, या विधानाला तर तांत्रिक आधारच नाही. कॅमेरा स्वयंचलित रंगश्रेणीवर असताना चौकटीतल्या सर्वांत उष्ण भागाला तो रंगपट्टीच्या वरच्या टोकाचा रंग देतो, सर्वांत थंड भागाला खालच्या टोकाचा. रात्रभर बंद राहिलेल्या पॅनेलचे भाग ३१ ते ३३ अंशांत असतील तरी चित्र लाल-पिवळे-निळे भडक दिसेल. आणि चौकटीत १२० अंशांचा एखादा हीटर आला तर शेजारची ७० अंशांची सैल लग निमूटपणे मधल्याच रंगात दिसेल. म्हणून श्रेणी हाताने लावून कुलूपबंद करावी आणि तुलना करायच्या सर्व चित्रांत तीच ठेवावी.

तुलना कशाशी करायची याचे उत्तर रंगात नसून लोडमध्ये, म्हणजे त्या वेळी वाहणाऱ्या करंटमध्ये, आहे. आर, वाय आणि बी या तिन्ही फेजचे सारखे भाग एकमेकांशी ताडून पाहावेत, आणि त्याआधी टाँग टेस्टर (तारेभोवती पकडून करंट मोजणारे उपकरण) लावून तिन्हींचा करंट नोंदवावा. कारण एका फेजवर मुळातच जास्त करंट असेल तर ती जास्त तापणारच. अमेरिकेतील ‘नेटा’ या विद्युत-चाचणी संघटनेच्या प्रचलित निकषांनुसार, सारख्या लोडखालील सारख्या भागांत १ ते ३ अंशांचा फरक हा संभाव्य दोष, ४ ते १५ अंशांचा फरक बहुधा दोष, आणि १५ अंशांहून अधिक फरक म्हणजे तातडीने दुरुस्ती. हे आकडे पुरेसा लोड असतानाच लागू पडतात. सैल जोडातील उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट निम्मा झाला की निर्माण होणारी उष्णता चौथ्या हिश्श्यावर येते. एनएफपीए ७०बी या अमेरिकी देखभाल-मानकाच्या मार्गदर्शनात किमान ४० टक्के लोड असताना पाहणी करण्याचा आग्रह आहे तो यासाठीच. आपल्याकडे मात्र उत्पादनाचा खोळंबा नको म्हणून पुण्याजवळच्या भोसरीसारख्या औद्योगिक पट्ट्यात पाहणीवाल्याला नेमके गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बोलावण्याची हौस दिसते. त्या दिवशीचा ‘एकही हॉट स्पॉट नाही’ हा निष्कर्ष खरा असतो, फक्त निरुपयोगी असतो.

अंतराने फरक पडत नाही म्हणणाऱ्याने एकदा भूमिती मांडावी. २५ अंशांच्या दृष्टिक्षेत्राचा, ३२० गुणिले २४० पिक्सेलचा चांगला कॅमेरा घेतला तरी १ मीटरवर एक पिक्सेल सुमारे १.४ मिलिमीटर जागा व्यापतो आणि १० मीटरवर सुमारे १४ मिलिमीटर. भरवशाचे मोजमाप हवे असेल तर लक्ष्याने किमान तीन-तीन पिक्सेल व्यापायला हवेत, म्हणजे १० मीटरवर ४ सेंटिमीटरहून लहान वस्तूचे तापमान मिळत नाही. ११ केव्ही लाइनवर वापरला जाणारा ‘रॅबिट’ कंडक्टर जेमतेम १० मिलिमीटर जाडीचा असतो. खांबाखाली उभे राहून त्याच्यावर कॅमेरा रोखला तर प्रत्येक पिक्सेलमध्ये थोडी तार आणि बाकीचे थंड आकाश अशी सरासरी येते, आणि तापलेला जोड प्रत्यक्षापेक्षा बराच थंड दिसतो. मोबाइलला जोडायच्या किंवा ८० गुणिले ६० पिक्सेलच्या कॅमेऱ्याचा तर तिथे विचारच नको. अशा कामाला टेलिफोटो भिंग लागते.

निर्धोकपणाच्या दाव्यावर थोडक्यात, पण स्पष्ट लिहितो. कॅमेऱ्याचा स्पर्श होत नाही हे खरे. पण चालू पॅनेलचे दार कोणीतरी उघडतो, शीट कोणीतरी काढतो आणि तेव्हाच स्पार्क होऊन आर्क फ्लॅश, म्हणजे विजेचा स्फोटासारखा भडका, होण्याचा धोका असतो. ते काम अधिकृत विद्युत कर्मचाऱ्याचे, आर्कला टिकणाऱ्या कपड्यांतले आणि फेस शील्डसह करायचे आहे. ‘कोणताही हेल्पर’ हे दोन शब्द त्या संदेशातून सर्वांत आधी काढायला हवेत.

देखभालीच्या दाव्यातील गंमत अशी की हलणारा भाग कॅमेऱ्यात असतो. दर काही मिनिटांनी ‘टिक’ असा आवाज येऊन चित्र क्षणभर गोठते, तेव्हा एक छोटा शटर डिटेक्टरसमोर येतो आणि त्या एकसमान पृष्ठभागावरून सर्व पिक्सेलची पातळी नव्याने जुळवली जाते. हा बिघाड नाही, उलट तो आवाज बंद झाला तर तपासायला हवे. गाडीच्या एसीतून थेट ४० अंशांच्या ट्रान्सफॉर्मर यार्डात कॅमेरा काढला की ही जुळवणी वारंवार होते आणि आकडे सरकत राहतात. म्हणून चालू करून तो काही वेळ तिथल्या हवेत ठेवावा, आणि भिंगावर दव धरले असेल तर ते पुसू नये, आपोआप उडू द्यावे.

भिंग काचेचे नसून बहुधा जर्मेनियमचे असते. ते ठिसूळ असते आणि त्यावरील लेप खिशातल्या रुमालाने ओरखडतो. आधी फुंकणीने धूळ उडवावी, मग उत्पादकाने सांगितलेल्या अल्कोहोलमध्ये भिजवलेला स्वच्छ कापूस एकदाच हलक्या हाताने फिरवून टाकून द्यावा. तोंडाची वाफ देऊन शर्टाला पुसणे पूर्ण वर्ज्य. कॅमेरा सूर्याकडे किंवा लेसरकडे रोखू नये, डिटेक्टरवर डाग राहू शकतो. मे महिन्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर विसरला तर भोग बॅटरीच्या वाट्याला येतात.

कॅलिब्रेशन हा फुकटचा खर्च आहे का, हे प्रत्येकाला घरच्या घरी तपासता येते. बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी रुंद भांड्यात ढवळून, उत्सर्जकता ०.९६ ठेवून वरून सरळ पाहिल्यास ० अंशाच्या आसपास वाचन यायला हवे. उकळत्या पाण्यावर वाफेमुळे हे तितके चांगले जमत नाही, आणि पुण्याच्या उंचीवर पाणी मुळात ९८ अंशांच्या आसपासच उकळते, हेही ध्यानात असावे. बर्फावरचे वाचन दिलेल्या अचूकतेच्या बाहेर जाऊ लागले तर कॅमेरा कृष्णपिंड-स्रोत (ठरावीक तापमानाचा, जवळजवळ पूर्ण उत्सर्जक असा संदर्भ-पृष्ठभाग) असलेल्या प्रयोगशाळेत पाठवण्याची वेळ झाली. दोष नसला तरी उत्पादक साधारणपणे वर्षातून एकदा तपासणी सुचवतात, कारण एका बर्फाच्या भांड्याने १०० किंवा २०० अंशांवरची चूक कळत नाही.

राहता राहिला चित्र गटावर टाकण्याचा सल्ला. चांगल्या कॅमेऱ्याच्या जेपीईजी फाइलमध्ये दिसणाऱ्या चित्रामागे प्रत्येक पिक्सेलची मोजणी साठवलेली असते आणि तिच्या जोरावर उत्सर्जकता, परावर्तित तापमान, अंतर हे सारे नंतर संगणकावर दुरुस्त करता येते. तीच फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते, आतली मोजणी गळून पडते आणि पलीकडच्या जाणकाराच्या हाती नुसते रंग उरतात. ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, सोबत तिन्ही फेजचा करंट, खोलीचे तापमान आणि अंतर लिहावे. फोकस चुकला असेल किंवा मापनकक्षा (कॅमेरा ज्या तापमानांच्या दरम्यान मोजतो ती हद्द) चुकीची निवडली असेल, तर मात्र कोणतेही सॉफ्टवेअर कामाला येत नाही. लोड असतानाच पुन्हा पॅनेलसमोर जावे लागते.