‘वाचले’च्या रकान्यातले २,२०० रुपये

ताई,

तुमची प्रतिक्रिया वाचली त्या रात्री मी ‘मत मांडल्याबद्दल आभार’ छापाचं दोन ओळींचं उत्तर टाइप केलं होतं. मग पुसलं. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, तर उत्तरही तसंच द्यायला हवं.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. २०२० साली ह्यांचा पगार ३८ हजारांवरून २४ हजारांवर आला, तेव्हा आम्ही कुठे कुठे हात आखडला ते मागच्या लेखात मी वहीतल्या आकड्यांसकट लिहिलं होतं. या ताईंची आई इचलकरंजीत चार घरची धुणी-भांडी करायची. त्यांचे आक्षेप चार. माझ्या यादीत ओटीटी आणि पेट्रोल यांच्या मधोमध ‘मावशींना थांबवलं, २,२०० वाचले’ अशी ओळ आहे. ही काटकसर नव्हे, दुसऱ्याच्या पोटावर पाय. ‘वर्षाचे गहू एकदम भरा’ हा सल्ला एकदम पैसे असणाऱ्यांसाठीच आहे. सगळ्यांनीच हात आखडला तर विकणाऱ्यांनी खायचं काय? आणि तेलाच्या बरणीवर रेघा मारत बसण्यापेक्षा महागाईचा जाब विचारा. शेवटी एक प्रश्न: मावशींना त्या महिन्यांचे पैसे नंतर दिलेत का?

शेवटच्या आक्षेपापासून सुरू करते, कारण तिथे माझं तुमच्याशी पटत नाही आणि भांडायला जरा हुरूप येतो.

तेलाच्या बरणीवर मी खरंच रेघा मारल्या होत्या. मुलाच्या मार्करने, चार. आठवड्याला एक रेघ उतरायची. तिसऱ्या आठवड्यात पाहुणे आले की चौथ्यात भाजीला नुसती वाफ. पुढे २०२१ मध्ये सोयाबीन तेल दीडशेच्या पुढे गेलं तेव्हा या रेघांचा फार उपयोग झाला. चार वेळा नवीन बरणीवर काढल्यात, अजूनही काढते. तुम्हाला हसू आलं, येऊ दे.

पण रेघा मारणारी बाई जाब विचारत नाही, हे कुठून काढलंत? माझी आत्या गोरेगावला राहायची. १९७२च्या दुष्काळात मुंबईत धान्य, तेल, रॉकेल सगळ्याचीच मारामार होती. रेशनवर लाल मिलो यायचा, त्याच्या भाकरीला आत्या शेवटपर्यंत नावं ठेवायची. महागाईविरोधात बायकांची संयुक्त समिती झाली, मृणाल गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर पुढे होत्या, आणि लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत बायका रस्त्यावर उतरल्या. आत्याही गेली होती. घरी हीच आत्या साखर चमच्याने मोजून डब्यात घालायची आणि भाव कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायची. मागच्या महिन्यात साखर काय भावाने होती हे तिला कुणी अडवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मोर्चात घोषणा देणाऱ्या कितीतरी बायका अशाच मोजणाऱ्या असणार. ज्याने कधी हिशोब लिहिला नाही त्याला ‘फार महागाई आहे हो’ एवढंच म्हणता येतं.

मी मोर्चाला गेले नाही, हे मात्र खरं. आत्याचा दाखला देऊन मला सुटता येणार नाही.

बाजाराच्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात. हे बोलणाऱ्या तुम्ही पहिल्या नाहीत. १९३१च्या जानेवारीत, ऐन मंदीत, केन्स या अर्थतज्ज्ञाने रेडिओवरून इंग्लंडातल्या गृहिणींना सांगितलं होतं की तुम्ही पाच शिलिंग वाचवता तेव्हा एका माणसाचा एक दिवसाचा रोजगार बुडवता, तेव्हा उठा आणि खरेदीला बाहेर पडा. एकाचा खर्च ती दुसऱ्याची कमाई, एवढं साधं गणित आहे. पण ज्या घरात महिन्याला १४ हजारांचं भोक पडलंय त्या बाईला हे गणित सांगून काय उपयोग? मी काही देशाची अर्थव्यवस्था सावरायला बसले नव्हते. ह्यांची कंपनी अंबड एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवते. लॉकडाउनच्या आधीपासूनच तिथे रड होती. २०१९च्या ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा ३१ टक्क्यांनी पडली, तेव्हाच ओव्हरटाइम बंद झाला होता.

हे गणित सांगायचं तर आमच्या समोरच्या दारात सांगायला हवं होतं. दोघांचीही पक्की नोकरी, पगारातला एक रुपया कमी झालेला नाही. तरी त्यांनीही दूध अर्ध्या लिटरवर आणलं, इस्त्रीवाल्याला नको म्हणाले, बाई बंद केली ती वर्षभर. का, तर ‘काळ कठीण आहे’. त्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा जवळजवळ २४ टक्क्यांनी, म्हणजे शंभरातले २४ रुपये, घटलं. त्यात सक्तीची टाळेबंदी होती हे कबूल, पण जूननंतरही पगार शाबूत असलेल्यांनी जो हात आखडून ठेवला त्याला काटकसर म्हणायला माझी जीभ वळत नाही. माझ्या लेखात हा फरक यायला हवा होता. नाही आला.

गव्हाचा मुद्दा तर मला आधीच कळायला हवा होता, कारण त्या वर्षी तो आमच्यावरच उलटला. आमच्याकडे दर वर्षी एप्रिल-मेमध्ये दोन क्विंटल लोकवन येतो. गच्चीवर ऊन दाखवायचं, एरंडेल तेलाचा हात फिरवायचा आणि कोठीत भरायचा. लग्नानंतर पहिल्यांदाच २०२० साली कोठी रिकामी राहिली. मग पाच-पाच किलोचं तयार पीठ. जून उजाडेपर्यंत माझ्या लक्षात आलं की किलोमागे आम्ही पूर्वीपेक्षा जास्त मोजतोय, आणि मोजतोय ते पैसे नाहीत म्हणूनच. तुम्ही लिहिलंत की आई रोज संध्याकाळी दहा रुपयांचं सुटं तेल आणायची आणि वाणी त्यातही स्वतःचं मार्जिन काढायचा. मला ते दोन महिन्यांत कळलं, तुमच्या आईने ते आयुष्यभर सोसलं. आणि कळूनही लेख लिहिताना मी पुन्हा ‘एकदम भरा’ असंच लिहिलं, कारण कोठी तोवर भरली होती. एकदम पैसे जमवायला गरीब वस्तीत बायका भिशी करतात, हे मला आमच्या मावशींनीच सांगितलं. त्यांच्या गल्लीत पाचशेची आहे.

आता मावशींवर येते. इतका वेळ टाळलं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

मागच्या लेखातली यादी मी परत काढून बसले. ओटीटी, हॉटेल, पेट्रोल, तेल, किराण्यातली कपात सगळं मिळून ३,९००. मावशींचे २,२००. एकूण ६,१००. भोक १४ हजारांचं. एकाही वाचकाने विचारलं नाही की उरलेले ७,९०० कुठून आले. लेखात ते नव्हतंच. मी लाजेने गाळलं होतं.

पहिले तीन महिने आम्ही घराचा हप्ताच भरला नाही. रिझर्व्ह बँकेने मार्चअखेर मुभा दिली होती, आम्ही लगेच अर्ज केला. हप्ता १४,२००, म्हणजे भोक बरोब्बर बुजलं. व्याज मात्र चालूच होतं. साडेबारा लाखांच्या आसपास कर्ज बाकी, दर ८.४ टक्के. तीन महिन्यांचं सव्वीस हजारांवर व्याज मुदलात जाऊन बसलं. हप्ता तोच ठेवला म्हणून कर्ज संपायची तारीख आठ महिने पुढे गेली. तीन महिने थांबलो आणि आठ महिने लांबलो. कोणाला सांगून पटत नाही, म्हणून मी गणित दोनदा करून पाहिलं. त्यानंतर जुलैत माझ्या पाटल्या बँकेत गेल्या, ६० हजारांवर. नेमकं ऑगस्टमध्ये सोनं दहा ग्रॅमला पंचावन्न हजारांच्या वर गेलं आणि रिझर्व्ह बँकेने सोन्याच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायला परवानगी दिली. महिनाभर थांबलो असतो तर त्याच पाटल्यांवर जास्त मिळाले असते, असं हे अजून म्हणतात. घर चाललं ते असं. तेलाच्या रेघांवर चाललं नाही.

तुमची प्रतिक्रिया वाचून मी वहीच्या त्या पानाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. बँकेपुढे आम्ही अर्ज केला, व्याज गुमान सोसलं. मुलाच्या शाळेत फी कमी करा म्हणून आम्ही काही पालक दोनदा भेटून आलो; फी एक रुपयाने उतरली नाही. सरकारने १५ टक्के कपातीचा आदेश काढला तो पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२१ मध्ये. विम्याचा हप्ता वेळेवर भरला, नाहीतर पॉलिसी बंद पडली असती. ह्यांच्या मोबाइलचं मोठं पॅक वहीत नव्हतंच, ते ‘कामाचं’. आणि मावशींना? एक फोन. दीड मिनिटाचा. ‘मावशी, सध्या राहू द्या, मग सांगते.’ त्यांनी ‘बरं वहिनी’ म्हटलं. ना अर्ज, ना व्याज, ना नोटीस. अख्ख्या यादीत सगळ्यात सोपी कपात तीच होती, आणि म्हणून ती सगळ्यात आधी झाली. जिथे माझं चालत होतं तिथे मी कापलं. स्वयंपाकघरात माझं चालतं, मावशींवर माझं चालतं.

त्या जूनमध्ये घरी आल्या होत्या. किल्ली परत द्यायला. आमच्या मागच्या दाराची किल्ली त्यांच्याकडे असायची, सेफ्टी पिनेत अडकवलेली, पिन मंगळसूत्राला. ती त्यांनी दारातच उभं राहून सोडवली. पिन गंजली होती, उघडायला वेळ लागला. मी आत जाऊन पाचशेची नोट आणि पाच किलो तांदळाची पिशवी घेऊन आले. तेव्हा मला स्वतःचं बरंच कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. त्यांनी नोट घेतली आणि पिशवीकडे बघून म्हणाल्या, ‘वहिनी, तांदूळ रेशनचा मिळतोय फुकट, माणशी पाच किलो. गॅस संपलाय.’

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना रोख हवी होती आणि मी वस्तू देत होते, एवढंच. त्यांची तीनही घरं बंद झाली होती. पुढे २०२१च्या एप्रिलमध्ये सरकारने नोंदणी झालेल्या घरकामगारांना १,५०० रुपये जाहीर केले, तेव्हा कळलं की मावशींची घरेलू कामगार मंडळाकडे नोंदणीच नाही. २००८चा कायदा आहे तो. बारा वर्षं आमच्याकडे काम करत होत्या. एक फॉर्म भरून द्यायला मला सुचलं नव्हतं. तो मात्र भरला, मुलाने बसून भरला.

दिवाळीनंतर त्या परत कामावर आल्या. अजूनही येतात. किल्ली आता नव्या पिनेत आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, दिले नाहीत. एप्रिल ते ऑक्टोबर, सात महिने, १५,४०० रुपये. मधले पाचशे वजा करायचे का, यावर मी परवा खरंच एक मिनिट विचार केला, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. पाटल्या सोडवून आणल्या, कोठी भरली, कर्जाचे दोन जास्तीचे हप्तेही भरले. हा आकडा ‘वाचले’च्या रकान्यात होता म्हणून तो कुणाचं देणं असू शकतो हे डोक्यातच आलं नाही. जुन्या लेखातली ती ओळ मी पुसणार नाही, तुमची प्रतिक्रिया मग कशावर आहे हे कुणाला कळणार नाही. तिच्याखाली तुमचं वाक्य जोडलंय.

पैसे द्यायचे ठरवलंय. ह्यांच्याशी बोलले, ते हो म्हणाले, दोन हप्त्यांत. मावशींशी अजून बोलले नाही. काल भांडी घासत होत्या तेव्हा दोनदा ओट्यापाशी जाऊन परत आले. इतक्या वर्षांनी मी हातात नोटा घेऊन समोर उभी राहिले, तर त्या पहिल्यांदा हेच विचारतील, ‘वहिनी, कामावरून काढताय का?’