‘96 टक्के कमी प्रदूषण’: लॅबमधल्या मांसाचा मेसेज आणि त्यामागचा हिशेब

नागपूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: “लॅबमध्ये वाढवलेल्या मांसाने 96 टक्के प्रदूषण कमी होतं, 99 टक्के जमीन वाचते. जनावर मारायला नको, चारा नको. एका पेशीपासून टनभर मांस. पाच वर्षांत सावजीच्या ताटात हेच येणार, तेही मटणापेक्षा स्वस्त.” जनावराच्या पेशी टाकीत, पोषक द्रवात वाढवून हे मांस करतात. तंत्र खरं आहे आणि त्यावर मेहनतीने काम चालू आहे. मेसेज मात्र जवळपास प्रत्येक वाक्यात अर्धीच गोष्ट सांगतो. यावर विसंबून कुणी पैसा लावण्याआधी उरलेली अर्धी सांगायलाच हवी.

“96 टक्के कमी प्रदूषण”

हा आकडा 2011 साली ऑक्सफर्ड आणि ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातला आहे. त्यात युरोपातल्या मांसाशी तुलना करून हरितगृह वायू 78 ते 96 टक्के कमी होतील असा अंदाज होता. मेसेजने फक्त वरचं टोक उचललं. तेव्हा जगात असा एकही कारखाना नव्हता. डच शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांचा लॅबमधल्या मांसाचा पहिला बर्गर लंडनमध्ये 2013 साली खाल्ला गेला, त्याचा खर्च सुमारे अडीच लाख युरो. म्हणजे 2011 चा हिशेब पूर्णपणे कागदावरचा. शिवाय त्यात पेशींचं खाद्य सायनोबॅक्टेरियापासून, म्हणजे निळ्या-हिरव्या शेवाळापासून, येईल असं गृहीत धरलं होतं. आज विक्रीची परवानगी मिळालेलं मांस तशा खाद्यावर वाढवलेलं नाही. आणि त्याच अभ्यासात कोंबडीच्या मांसाला यापेक्षा कमी ऊर्जा लागते असंही लिहिलं होतं. ते मेसेजमध्ये आलं नाही.

दुसऱ्या टोकाचा आकडाही सांगतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाने 2023 साली हिशेब मांडला: खाद्य औषधांच्या दर्जाचं शुद्ध केलेलं वापरलं, तर तापमानवाढीचा भार बीफच्या 4 ते 25 पट होऊ शकतो. हाही अंदाजच आहे. अन्नाच्या दर्जाचं खाद्य पेशींना चाललं तर तो बराच खाली येतो. सगळा फरक पडतो तो खाद्याच्या शुद्धतेने आणि विजेने.

विजेचं म्हणाल तर आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. कोराडी आणि खापरखेडा ही कोळशावरची वीजकेंद्रं आपल्या दाराशी आहेत. ती वीज कशी तयार होते हे नागपूरकराला समजावून सांगायला नको. टाकीतलं ढवळणं, हवा दाबून सोडणं, पाणी शुद्ध करणं, क्लीनरूमची, म्हणजे धूळ-जंतूंपासून जपलेल्या खोलीची, हवा चोवीस तास गाळणं, हे सगळं विजेवर. टाकीत 37 अंश लागतात. पेशी आणि ढवळणी स्वतःच उष्णता सोडतात, म्हणून मोठी टाकी तापवायची नसते, थंड ठेवायची असते. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना कूलिंग टॉवरमधून किती पाणी उडून जाईल, याचाही हिशेब लावा. दिवसा सौरऊर्जा मिळेल, पण पेशी रात्री थांबत नाहीत. एका मिलिलिटरमध्ये एक कोटी पेशी असलेल्या टाकीची हवा बंद पडली, तर विरघळलेला ऑक्सिजन काही मिनिटांत संपतो. डिझेल जनरेटर उशिरा सुरू झाला की बॅच गेली.

तुलना कशाशी करायची हाही प्रश्न आहेच. मोठे आकडे निघतात ते बीफशी तुलना केल्यावर. महाराष्ट्रात 2015 पासून संपूर्ण गोवंशाच्या कत्तलीवर बंदी आहे. इथे तुलना बोकड आणि ब्रॉयलरशीच व्हायला हवी. बोकड निर्दोष आहे असं नाही. आंतरराष्ट्रीय हिशेबात एका शेळीमागे वर्षाला 5 किलो मिथेन धरतात, आणि इथल्या बोकडाचं मांस निघतं दहा-बारा किलो. पण मिथेन हवेत साधारण 12 वर्षं टिकतो, कोळशाचा कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं साचत जातो. ब्रॉयलर तर सुमारे 40 दिवसांत दोन किलोचा होतो, किलोभर वजनाला दीड-पावणेदोन किलो खाद्य घेऊन. सध्याच्या विजेवर लॅबचं मांस त्याला मागे टाकेल असं आम्हाला वाटत नाही.

“एका पेशीपासून टनभर मांस”

गणित जमतं. एका पेशीचं वजन साधारण 3 नॅनोग्रॅम धरलं तर किलोभरासाठी 3 नंतर अकरा शून्यं इतक्या पेशी लागतात. एका पेशीपासून तिथवर सुमारे 38 वेळा दुपटी, टनासाठी 48. अडचण अशी, की जनावरातून काढलेल्या साध्या पेशी ठरावीक दुपटींनंतर थांबतात, आणि स्नायू बनवण्याची क्षमता त्याच्याही आधी गमावतात. म्हणून न थांबता वाढणारी सेल लाइन, म्हणजे जोपासलेला पेशींचा वंश, घ्यावी लागते. यावरूनच “हे कॅन्सरचं मांस” असा उलटा मेसेजही फिरतो. तोही चूक. न थांबता वाढणं हे कॅन्सरच्या अनेक लक्षणांपैकी एक, तेवढ्याने पेशी कॅन्सरची ठरत नाही. आणि शिजवलेली, पचलेली पेशी अंगात रुजत नाही. खोट्या दाव्याला खोट्याने उत्तर देऊ नये.

प्रत्यक्षात काम असं चालतं. द्रव नायट्रोजनमधली गोठवलेल्या पेशींची कुपी 37 अंशांच्या पाण्यात वितळवायची, पेशी फ्लास्कमध्ये सोडायच्या, मग 5 लिटर, 50, 500, 5000, असं साधारण दहा-दहा पटीने वर न्यायचं. दुपटीला सुमारे एक दिवस. एका मिलिलिटरमध्ये एक कोटी पेशी म्हणजे लिटरमागे जेमतेम 30 ग्रॅम माल, किलोला 33 लिटर मीडिया, म्हणजे पेशींचा पोषक द्रव. लॅबमध्ये सहज मिळणारी घनता याच्या दहाव्या हिश्शाची असते. तिथे 300 लिटरच्या वर जातो.

सगळ्यात जास्त बॅचेस बुडतात त्या कंटॅमिनेशनने, म्हणजे बाहेरचे जंतू शिरल्याने. दुधाला विरजण लावलं की विरजणातले जिवाणू आंबटपणा तयार करून बाकीच्यांना रोखतात. जनावराच्या पेशींकडे असा काही बचाव नाही. बोकडाची प्रतिकारशक्ती जे काम फुकट करते ते इथे वाफ, फिल्टर आणि व्हॉल्व्ह यांना करावं लागतं. एक जिवाणू 20 मिनिटांत दुप्पट होतो, सात तासांच्या आत दहा लाख. संध्याकाळी लालसर दिसणारा मीडिया सकाळी पिवळा आणि गढूळ दिसला की ती टाकी निर्जंतुक करून ओतून द्यायची. टाकी 121 अंशांच्या वाफेवर निर्जंतुक होते; मीडिया तेवढी उष्णता सोसत नाही, म्हणून 0.2 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळतात. मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू त्यातूनही निसटतो आणि मीडिया गढूळ करत नाही. त्यासाठी 0.1 मायक्रॉनचा फिल्टर आणि नियमित तपासणी, दोन्ही लागतं. जुनं गॅस्केट, नमुना काढायचा व्हॉल्व्ह नीट वाफवला नाही, एवढं पुरतं. टाकी जितकी मोठी, तितकं एका चुकीचं नुकसान मोठं.

“चारा नको”

मीडिया हाच चारा. त्यात ग्लुकोज, अमिनो आम्लं, क्षार, जीवनसत्त्वं, शिवाय इन्सुलिन, लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन, आणि एफजीएफ-2 सारखे ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढीचा इशारा देणारी प्रथिनं. ग्लुकोज मक्याच्या स्टार्चमधून येतं, अमिनो आम्लं किण्वनातून किंवा सोयाबीनमधून. म्हणजे शेत लागतंच, फक्त दिसत नाही. वर पेशी ग्लुकोजचं लॅक्टेट करतात, ग्लुटामिनमधून अमोनिया सुटतो, आणि तो साचला की वाढ खुंटते. मग खाद्य शिल्लक असतानाही मीडिया बदलावा लागतो. तो वाया गेलेला मीडिया आणि त्याचं सांडपाणी कुठल्याच मेसेजमध्ये नसतं.

“जनावर मारायला नको”

कित्येक वर्षं या पेशी गर्भाच्या रक्तातल्या सीरमवर वाढवल्या गेल्या. ते कापलेल्या गाभण गाईच्या गर्भातून काढतात. आता यात खरी प्रगती आहे. सिंगापूरने 2020 साली परवानगी दिलेल्या कोंबडीच्या मांसासाठी 2023 मध्ये सीरमविरहित मीडियालाही मंजुरी मिळाली. हा मुद्दा मेसेजच्या बाजूने जातो, आणि तो मान्य करायला हवा.

“मटणापेक्षा स्वस्त, सावजीच्या ताटात”

2021 साली प्रसिद्ध झालेल्या रासायनिक अभियंता डेव्हिड हम्बर्ड यांच्या हिशेबात, मोठा कारखाना धरूनही, किलोचा उत्पादनखर्च 37 डॉलर निघाला, म्हणजे 3000 रुपयांच्या आसपास. मिळतो तो पेशींचा ओला लगदा. 2024 मध्ये सिंगापूरच्या दुकानात विकायला आलेल्या पाकिटात पेशींचं मांस 3 टक्के होतं, बाकी वनस्पतीजन्य प्रथिनं. ऑक्सिजन पेशींच्या थरात 0.1 ते 0.2 मिलिमीटरच झिरपतो, त्यामुळे रक्तवाहिन्यांशिवाय जाड तुकडा होत नाही. सावजी रश्श्याला हाड, चरबी आणि नळीतला गर लागतो. खूर, मुंडी, वजडी तर वेगळीच. लगद्याचा खिमा, कबाब होईल.

आणि पाच वर्षांचं म्हणाल तर भारतात असं मांस विकायला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, आधी मंजुरी लागते, 2017 च्या अनिर्दिष्ट अन्नपदार्थांच्या नियमांखाली. हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्राची संस्था) आणि राष्ट्रीय मांस संशोधन केंद्राला यावरच्या संशोधनासाठी 2019 मध्ये केंद्राचा निधी मिळाला. कोचीची सागरी मत्स्यसंशोधन संस्था माशांच्या पेशींवर काम करते. विदर्भाला यात खरंच शिरायचं असेल तर टाकीपेक्षा खाद्याकडे बघावं. आपल्याकडे सोयाबीन भरपूर. तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीतलं प्रथिन एन्झाइमने तोडून, गाळून, पेशींना चालेल असा स्वस्त हायड्रोलायझेट करता येतो का, हे तपासायला क्लीनरूमची मोठी इमारत लागत नाही. एक छोटा रिॲक्टर, गाळणी यंत्रणा, एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंचं विष, तपासायची सोय आणि दर बॅचला तोच दर्जा राखण्याची चिकाटी लागते. अडतं ते बहुतेक शेवटच्या गोष्टीवर: एका हंगामाच्या पेंडीवर पेशी जोमाने वाढतात, पुढच्या हंगामाच्या पेंडीवर तशा वाढतीलच असं नसतं.